रूम शोधताय? आधारची झेरॉक्स देण्याआधी एवढं करा

शैक्षणिक वर्ष सुरू झालं की नागपुरात बजाज नगर, प्रतापनगर, धरमपेठेत बाहेरगावच्या पोरापोरींची रूमसाठी धावपळ असते. घरमालक, मेसवाल्या काकू, अभ्यासिका, जो तो आधारची झेरॉक्स मागतो. ओळख पटवायला काही हरकत नाही, पण अख्खा बारा आकडी नंबर प्रत्येकाच्या फायलीत कशाला?

आधी मास्क्ड आधार काढा. ‘मायआधार’ संकेतस्थळावर आधार नंबर आणि ओटीपी टाकून लॉगिन करा, ‘डाउनलोड आधार’मध्ये जा आणि मास्क्डच्या चौकटीत टिक करून पीडीएफ उतरवा. त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात. फाइलचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी कॅपिटल अक्षरं आणि त्यापुढे जन्मसाल. तुम्हाला ओळखणारा कोणीही तो ओळखेल, तेव्हा पासवर्ड आहे म्हणून फाइल कुठेही पाठवत सुटू नका.

आता प्रिंट. खरी गोम इथेच आहे. बर्डीवरच्या झेरॉक्सच्या दुकानात काउंटरवर व्हॉट्सअ‍ॅप नंबर चिकटवलेला असतो. “भाऊ, यावर टाका न!” आपण टाकतो. फाइल त्याच्या कॉम्प्युटरवर उतरते आणि कोणाची मार्कशीट, कोणाचं पॅन, कोणाचा जातीचा दाखला यांच्यासोबत डाउनलोड्समध्ये पडून राहते. नंतर तुम्ही ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ केलं तरी चॅटमधून जाते, तिथून नाही. म्हणून प्रिंट हातात आली की “दादा, फाइल उडवून द्या” म्हणा आणि रिसायकल बिनही रिकामं करायला लावा. मागे रांग असली तरी लाजू नका. तिथे स्वतःचं व्हॉट्सअ‍ॅप वेब उघडलं असेल, तर दुकानातून निघण्याआधी फोनमधल्या ‘लिंक्ड डिव्हायसेस’मधून लॉगआउट करा.

झेरॉक्सवर पेनाने आडवं लिहा: ‘फक्त भाडेकरारासाठी’, तारीख, सही. कोपऱ्यात लिहिलेलं कापता येतं, म्हणून अक्षरं फोटोवरून आणि मजकुरावरून जाऊ द्या.

एखादा घरमालक अडून बसतोच. त्याला मूळ कार्ड दाखवा, हातात मात्र मास्क्डच ठेवा. खाजगीपणा हा मूलभूत अधिकार आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २०१७ मध्ये एकमताने सांगितलं. त्यात आपल्या नागपूरचे शरद बोबडेही होते. अर्थात, डिपॉझिटची बोलणी चालू असताना हे ऐकवून फारसा उपयोग होत नाही!

‘मायआधार’वरच बायोमेट्रिक लॉक आहे, तोही लावून टाका. आधारशी जोडलेल्या खात्यातून नुसत्या अंगठ्यावर पैसे काढता येतात, त्याला ओटीपी लागत नाही. लॉक असलं की अंगठा चालत नाही. मात्र गावाकडे आजीचं लॉक लावून दिलं असेल, तर रेशनच्या दिवशी ते थोड्या वेळापुरतं उघडावं लागेल, नाहीतर मशीनवर अंगठा लागणार नाही आणि शिव्या तुम्हाला बसतील.

शेवटी दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ संकेतस्थळावर आपला मोबाइल नंबर आणि ओटीपी टाकून आपल्या नावावर किती सिम आहेत ते बघा. अनोळखी नंबर दिसला तर तो आपला नसल्याची नोंद तिथेच करा. आणि खात्यातून पैसे गेलेच, तर बँक उघडायची वाट न बघता लगेच सायबर फसवणुकीच्या १९३० या हेल्पलाइनवर फोन लावा. व्यवहार क्रमांक, रक्कम आणि वेळ समोर ठेवा. पैसे पुढच्या खात्यातून निघायच्या आत अडवता आले तरच काही हाती लागतं.