ऊसपट्ट्यातला सर्पदंश: चावल्यापासून लस सुरू होईपर्यंत

वाळवा, पलूस, शिराळा, कऱ्हाड या पट्ट्यात सापाशी गाठ पडते ती मुख्यतः दोन ठिकाणी: रात्रीच्या विजेवर उसाला दारं धरताना, म्हणजे पाणी देताना, आणि फडाशेजारच्या खोपीत जमिनीवर झोपलेलं असताना.

अंधारात बांधावर पाय पडतो तो बऱ्याचदा घोणशीवर. अंगावर साखळीसारखे तपकिरी ठिपके, फुत्कार कुकरच्या वाफेसारखा. अजगराचं पिल्लू समजून तिला हाताळणारेही असतात. ती चावली की आग होते, सूज चढते, हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त जाऊ लागतं. मण्यार याच्या उलट. झोपेत चावतो, दात बारीक, सूज नाही, आग नाही. पहाटे पोट दुखतं, घशात अडकल्यासारखं होतं, पापण्या मिटू लागतात, आणि घरचे पित्त समजून सोडा पाजतात. जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे पोटदुखी आणि जड पापण्या एकदम आल्या तर अंगावर खूण दिसो न दिसो, सर्पदंश धरूनच निघा. हे एवढं लक्षात असलं तरी जीव वाचतात.

साप चावल्यावर आधी सापापासून लांब व्हा. त्याला मारत बसू नका. लांबून फोटो मिळाला तर ठीक, नाहीतर नको. किती वाजता चावला ते लक्षात ठेवा. अंगठी, बांगड्या, जोडवी, पैंजण, घड्याळ लगेच काढा, कारण सूज चढल्यावर तेच फास होतात. चावलेला हात किंवा पाय बांबूच्या कामटीला टॉवेलने सैलसर बांधा, आतून एक बोट सहज गेलं पाहिजे. हेतू हालचाल थांबवण्याचा आहे, रक्त अडवण्याचा नाही.

दोरीची आवळपट्टी नकोच. घोणशीचं विष त्याच जागी साचून मांस सडवतं, आणि पट्टी सोडताच साचलेलं विष एकदम अंगात पसरतं. कुणी आधीच आवळून बांधलं असेल तर वाटेत सोडू नका, दवाखान्यात डॉक्टरांसमोरच सोडा. चिरा देणं, चोखणं, बर्फ, पोटॅश, कोंबडी लावणं यातल्या कशानेही विष उतरत नाही. कडुनिंबाचा पाला चारून कडू लागतो का हे पाहण्यातही वेळच जातो. बिनविषारी सापाचा किंवा विष न सोडलेला दंश आपोआप बरा होतो, म्हणून मांत्रिकाला यश आल्यासारखं दिसतं. मण्यार चावलेल्याच्या बाबतीत मांत्रिकाकडे गेलेला तासच जिवावर बेततो.

माणसाला चालवू नका. 108 ला फोन करा. गाडी यायला उशीर होणार असेल तर मोटारसायकलवर त्याला मध्ये बसवा आणि मागच्याने घट्ट धरा. चारचाकीत डाव्या कुशीवर झोपवा, म्हणजे उलटी श्वासनलिकेत जात नाही. तोंडाने काही देऊ नका. श्वास थांबला तर तोंडाने श्वास देत राहा. मण्यार किंवा नागाच्या विषाने माणूस मेल्यासारखा निपचित पडतो, डोळेही हलत नाहीत, तरी तो जिवंत असू शकतो.

निघतानाच जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्राला किंवा ग्रामीण रुग्णालयाला फोन करून दोनच गोष्टी विचारा: सापाची लस, म्हणजे विषावरचा उतारा, आहे का, डॉक्टर आहेत का. लस असलेलं पहिलं ठिकाण मागे टाकून थेट मिरज किंवा सांगली गाठणं ही इथली सर्वात महागात पडणारी चूक. लागलीच तर लस तिथेच सुरू व्हावी. पुढे हलवताना हाताने दाबून श्वास देण्याचा फुगा आणि तो चालवणारा माणूस सोबत हवा.

दवाखान्यात चावल्याची वेळ, चावल्याची जागा, बांधलं होतं का आणि रक्त पातळ करणारी गोळी चालू आहे का, हे आपणहून सांगा. घोणस किंवा फुरसं ओळखायला 2 मिलि रक्त कोरड्या, नव्या काचेच्या नळीत घेऊन 20 मिनिटं न हलवता ठेवतात. गोठलं नाही तर विष भिनलंय. नळी साबणाने धुतलेली किंवा प्लॅस्टिकची असली तर निकाल चुकतो. पहिल्यांदा रक्त गोठलं तरी किमान 24 तास थांबा.

विषाची लक्षणं दिसली तर लसीच्या साधारण 8 ते 10 कुप्या सलाईनमधून तासाभरात देतात. लहान मुलालाही तेवढ्याच, कारण सापाने विष मूल पाहून कमी सोडलेलं नसतं. लक्षणं नसतील तर लस देत नाहीत. त्यासाठी डॉक्टरांशी भांडू नका. लस चालू असताना खाज, गांधी, थंडी वाजणं किंवा धाप लागणं दिसलं की लगेच नर्सला सांगा. लस थांबवून अ‍ॅड्रेनलिन देतात आणि नंतर पुन्हा सुरू करतात. घोणशीच्या दंशात रक्ताची चाचणी पुन्हा 6 तासांनी होते, यकृताला रक्त गोठवणारे घटक बनवायला तेवढा वेळ लागतो. मधल्या काळात लघवी मोजून लिहा. कमी झाली तर मूत्रपिंडाला धोका आहे, डायलिसिस लागू शकतं. मण्यारच्या रुग्णाला व्हेंटिलेटरवर काही दिवस लागतात, तेवढ्यात आशा सोडू नका.

ही लस नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवरच चालते. महाबळेश्वर, कोयनेकडच्या हिरव्या चापडा सापावर ती उपयोगी नाही, तिथे सूज आणि वेदनेवरच उपचार होतात.

घरी आल्यावर 5 ते 14 दिवसांत ताप, सांधेदुखी, पुरळ आलं तर तो लसीचा उशिराचा परिणाम असू शकतो, पुन्हा दाखवा.

खोपीत मच्छरदाणी लावा, कडा अंथरुणाखाली चारी बाजूंनी दाबून. खाट मिळाली तर उत्तमच. दारं धरायला जाताना गमबूट आणि बॅटरी, आणि काठी पुढे आपटत चालायचं.