बाल्कनीपुरतं जीवामृत: पाच लिटरचं माप

जीवामृत म्हणजे शेण, गोमूत्र, गूळ, बेसन पाण्यात आंबवून केलेलं द्रावण. हे खत नव्हे, मातीसाठी जिवाणूंचं विरजण आहे. विरजणाला दूध लागतं तसं याला कुजायला पालापाचोळा, कंपोस्ट असं काहीतरी लागतं. नुसत्या लाल मातीच्या कुंडीत ओतलं तर आठवड्याभरात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

नैसर्गिक शेतीचे प्रचारक सुभाष पाळेकर यांचं मूळ माप एकरी २०० लिटर पाण्याचं: १० किलो शेण, ५ ते १० लिटर गोमूत्र, २ किलो गूळ, २ किलो बेसन, बांधावरची मूठभर माती. एकर म्हणजे ४० गुंठे, तेव्हा गुंठ्याला ५ लिटर. चाळीस-पन्नास कुंड्यांना तेवढं पुरतं.

५ लिटर पाण्याला ताजं शेण २५० ग्रॅम, गोमूत्र १२५ ते २५० मिली, काळा गूळ ५० ग्रॅम, बेसन ५० ग्रॅम आणि वडा-पिंपळाखालची चिमूटभर माती. तणनाशक पडलेल्या जागेची माती नको. वाळलेल्या गोवऱ्या भिजवून चालत नाहीत. पिवळाधमक गूळही टाळा, तो उजळ करायला बहुधा रसायन वापरलेलं असतं.

बादली प्लास्टिकची आणि १० लिटरची घ्या, फेस चढायला जागा हवी. नळाचं पाणी आदल्या दिवशीच उघड्यावर भरून ठेवा, म्हणजे क्लोरीन उडून जाईल. बेसन थेट टाकलं तर गुठळ्या होतात आणि त्या तळाशी बसून सडतात. पिठल्याला कालवतो तसं आधी वाटीत पातळ कालवून घ्या. गूळ चिरून विरघळवा, शेण हाताने कुस्करा, मग सगळं एकत्र करा. वर सुती कापड बांधून बादली सावलीत ठेवा. घट्ट झाकण लावू नका, आतल्या जिवाणूंना हवा लागते.

सकाळ-संध्याकाळ लाकडी काठीने दोन-दोन मिनिटं ढवळायचं. दिशेवरून वाद घालणारे भेटतील; आमच्या मते तळ हलणं महत्त्वाचं. उन्हाळ्यात दोन दिवसांत, थंडीत चार दिवसांत तयार होतं. बारीक बुडबुडे दिसले आणि इडलीच्या आंबलेल्या पिठासारखा आंबूस वास आला की झालं. सडक्या अंड्याचा वास आला तर ढवळणं चुकलंय, हवा कमी पडलीय. ते कुंडीत न घालता कंपोस्टच्या ढिगात ओता. अळ्या दिसल्या तर कापड सैल होतं, माश्या आत शिरल्या. तयार झाल्यावर आठवड्याच्या आत संपवा.

देताना १ भाग जीवामृत, १० भाग पाणी. बारा इंची कुंडीला १ लिटर, पंधरा दिवसांतून एकदा, संध्याकाळी, आणि माती ओलसर असतानाच. कोरड्या मातीत ते कडेच्या भेगांतून थेट तळाच्या भोकाने निघून जातं, खालच्या मजल्यावरच्यांची बोलणी खावी लागतात ती वेगळीच. वर दोन इंच वाळक्या पानांचं आच्छादन हवंच, आणि महिन्याला दोन मुठी कंपोस्ट.

त्याच आठवड्यात तांबंयुक्त बुरशीनाशक कुंडीत गेलं तर सगळी मेहनत पाण्यात.

फवारणार असाल तर दुहेरी फडक्याने गाळा, नाहीतर नोझल तुंबतं. मेथी, कोथिंबीर, पालक यांच्यावर मात्र फवारू नका. कच्च्या शेणातले रोगजंतू पानावर राहतात. पालेभाजीला द्यायचंच तर मुळाशी, पानांवर न उडवता, आणि काढणी जवळ आली की तेही बंद.