मैफलीचा गळा सांभाळून गायनवर्ग कसा चालवावा

ख्यालगायन करणाऱ्या कलाकाराने गावातील ज्येष्ठ नागरिक संघात, भजनी मंडळात किंवा नगरपालिकेच्या शाळेत गायनवर्ग सुरू करायचे ठरवले, की बहुतेक वेळा पहिली चर्चा जागा, शुल्क आणि अभ्यासक्रम यांचीच होते. गळ्याचा विचार कोणी करत नाही. मी वर्ग सुरू केला त्या वर्षी, एका मैफलीच्या आदल्या 2 दिवशी, सलग 3-3 तास शिकवून गायला बसलो. संथ लयीतला बडा ख्याल कसाबसा पार पडला, पण द्रुत (जलद) बंदिशीत तार षड्जाच्या, म्हणजे वरच्या ‘सा’च्या, वर आवाज उघडेना. तेव्हापासून एक नियम पाळतो, आणि पुढचे सारे त्याच्याच आधारे लिहिले आहे: वर्ग आपल्या गळ्यावर न चालवता विद्यार्थ्यांच्या कानावर चालवावा.

प्रथम वेळापत्रक. बहुतेक बैठका आठवड्याच्या शेवटी असतात, म्हणून वर्ग सोमवार ते बुधवार यांतील 2 दिवशी, प्रत्येकी सव्वा तासाचा ठेवावा आणि मैफलीच्या आधीचे दोन दिवस वर्गात गाऊ नये. एका तुकडीत 10-12 जणांहून अधिक मंडळी घेऊ नयेत; त्यापुढे प्रत्येकाचा स्वर वेगळा ऐकणे अशक्य होते आणि शिक्षक नकळत सर्वांच्या वर आवाज चढवू लागतो. विद्यार्थ्यांना परीक्षेला बसवायचे असेल, तर आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून 2 सत्रांत, साधारणपणे एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये होतात, आणि यातील दुसरे सत्र नेमके मैफलींच्या हंगामात येते. मी विद्यार्थ्यांना एप्रिल-मेच्या सत्रालाच बसवतो. त्यामुळे जून ते ऑक्टोबर शिकवण्याला भरपूर वेळ मिळतो आणि हिवाळ्यात नवीन काही न देता उजळणीवर भागते.

सामुदायिक वर्गातील खरी अडचण पट्टीची, म्हणजे ‘सा’ कोठे धरायचा याची, असते आणि ती घरी एकेकट्याला तालीम देणाऱ्या गुरूला सहसा भेडसावत नाही. पुरुषांचा आवाज साधारणपणे काळी एकच्या (पेटीच्या सप्तकातील पहिल्या काळ्या पट्टीच्या) आसपास बसतो, स्त्रियांचा काळी चारच्या आसपास. म्हणजे दोघांच्या षड्जांत पूर्ण पंचमाचे (सा ते प एवढे) अंतर पडते. सर्वांना एकत्र काळी एकमध्ये गायला लावले, तर स्त्रियांना एक तर मंद्रात (खालच्या सप्तकात) खोल उतरावे लागते किंवा तारात (वरच्या सप्तकात) ओरडावे लागते. काळी चार धरली, तर पुरुषांची तीच गत होते. मधली म्हणून पांढरी चार निवडणारे शिक्षक मी पाहिले आहेत, आणि त्यांच्या वर्गात सगळेच सारख्या प्रमाणात त्रासलेले असतात. यावर सरळ उपाय म्हणजे 2 तुकड्या. पण जागा तासाभरासाठीच मिळत असेल, तर जुगलबंदीतील एक युक्ती उपयोगी पडते. काळी एकचा पंचम म्हणजेच काळी चारचा षड्ज, आणि काळी चारचा मध्यम म्हणजे काळी एकचा षड्ज. म्हणून पंचमात जुळवलेला एकच तंबोरा पुरुषांना प-सा म्हणून ऐकू येतो आणि स्त्रियांना सा-म म्हणून. आधी पुरुषांनी एक आलाप म्हणावा, मग तोच आलाप स्त्रियांनी आपल्या षड्जावर म्हणावा. बागेश्री किंवा मालकंस यांसारख्या मध्यमप्रधान रागांत हे चांगले जमते. भूप रागात मुळीच जमत नाही, कारण तेथे मध्यम वर्ज्य आहे. शिवाय नवख्या विद्यार्थिनींचा षड्ज खर्जाच्या (सर्वांत खालच्या ‘सा’च्या) तारेकडे घसरतो, म्हणून पहिले वर्ष पूर्ण केलेल्यांनाच हा प्रयोग द्यावा.

भूपाचा प्रश्न निघालाच आहे, तर पहिल्या महिन्यात काय करावे ते सविस्तर सांगतो. भजनी मंडळातील मंडळींच्या कानात संवादिनी (हार्मोनियम) इतकी बसलेली असते, की तंबोऱ्यावर गाताना त्यांना पायाखाली जमीन नसल्यासारखे वाटते. आकाशवाणीने 1940 पासून सुमारे 3 दशके संवादिनीला दूर ठेवले होते. तेवढे कठोर होण्याचे कारण नाही, मात्र पहिली 15-20 मिनिटे ती बंदच ठेवावी. नीट जुळलेल्या तंबोऱ्याची खर्जाची तार छेडली, की तिच्या झंकारात गंधार (‘ग’) आपोआप उमटतो. त्यालाच स्वयंभू गंधार म्हणतात, आणि संवादिनीचा गंधार त्याहून किंचित चढा असतो. माझ्या वर्गातील साठीच्या एका बाईंचा भूपातील गंधार नेहमी चढत असे. मी 5 वेळा गाऊन दाखवल्यावर त्या 5 वेळा तसाच चढा गायल्या. मग त्यांच्या मांडीवर तंबोरा दिला, भोपळ्याजवळ कान नेऊन केवळ खर्जाची तार छेडायला सांगितली आणि गाऊ नका, नुसता गंधार शोधा, असे म्हटले. तिसऱ्या दिवशी त्या मध्येच थांबल्या आणि म्हणाल्या, ‘‘अहो गुरुजी, हा तर आतच आहे.’’ त्या दिवशी मी जेमतेम 10 मिनिटे गायलो असेन.

वर्गातील राग आणि आपल्या रियाजातील राग एकच ठेवावा, हे दुसरे सूत्र. पुढच्या मैफलीत भीमपलास राग मांडायचा असेल, तर महिनाभर वर्गातही भीमपलासच घ्यावा. भजनी मंडळींना त्या सुरावटीतले अभंग बहुधा पाठ असतात. त्यातील एखादी ओळ म्हणवून घेऊन आरोहात (स्वर चढत जाताना) रिषभ आणि धैवत का गळतात, गंधार-निषाद कोमल का लागतात, हे त्यांच्याच तोंडून काढता येते. नवख्यांना रागाची चौकट समजावताना आपल्याही मांडणीतील ढिलाई दिसते; भूप शिकवताना धैवतावर मुक्काम वाढला, तर स्वर तेच राहूनही देशकार रागाची छाया पडते, हे गाताना मला कधी जाणवले नसते इतके शिकवताना जाणवले.

पैशांविषयी थोडक्यात. गायक आणि संगीतशिक्षक विष्णु दिगंबर पलुस्करांनी 1901 मध्ये लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले, 1908 मध्ये मुंबईत शाखा सुरू केली आणि खर्चाचा मोठा भाग जलशांच्या उत्पन्नावर पेलला; तरीही मुंबईची इमारत अखेर कर्जापायी गेली. आपला व्याप त्यापुढे क्षुल्लक आहे, पण हिशेब तोच लागू पडतो. वर्गाचे भाडे, तबलजींचे मानधन आणि तारांचा खर्च शुल्कातूनच भागला पाहिजे. मैफलीच्या बिदागीतून (मानधनातून) वर्ग पोसू लागलो, की नको त्या बैठका घ्याव्या लागतात. ज्यांना शुल्क परवडत नाही, त्यांना ते खासगीत माफ करावे आणि बदल्यात सतरंज्या घालण्याचे काम मात्र देऊ नये.

दौऱ्यावर असताना वर्ग बंद ठेवण्यापेक्षा जुन्या विद्यार्थ्याकडे सोपवावा. त्याने अलंकार, पलटे आणि आधी झालेली बंदिश एवढेच घ्यावे. नवे काही सांगू नये. त्याच्यासाठी 10-12 मिनिटांचे ध्वनिमुद्रण करून ठेवावे: सुरुवातीला मिनिटभर नुसता तंबोरा, मग एकेक ओळ विलंबित लयीत, प्रत्येक ओळीनंतर ती परत म्हणता येईल इतकी मोकळी जागा. आपल्या मैफलीचे ध्वनिमुद्रण वर्गाच्या गटावर टाकू नये. एकदा मी ते टाकले होते, आणि परतलो तेव्हा अख्खा वर्ग माझी एक तान, तिच्यातील मी घेतलेल्या चुकीच्या श्वासासकट, एकसुरात म्हणत होता.