स्ट्रिंगमधला मजकूर बदलण्याआधी काय तपासावं

स्ट्रिंग म्हणजे प्रोग्रॅममधला मजकूर. तो बदलणाऱ्या फंक्शनचं रिप्लेस हे नाव बहुतेक प्रोग्रॅमिंग भाषांत आहे, पण ते सगळीकडे सारखं वागत नाही. म्हणून पुढच्या गोष्टी क्रमाने पाहून घ्या.

१. सगळीकडे बदल हवा की फक्त पहिल्या जागी? पायथन, जावा आणि सी शार्पमधलं रिप्लेस सगळीकडे बदल करतं. जावास्क्रिप्टमध्ये शोधायला साधी स्ट्रिंग दिली तर पहिलीच जागा बदलते. तिथे २०२१ पासून भाषेच्या अधिकृत मानकात आलेलं रिप्लेसऑल वापरा. रुबीत पहिल्यासाठी सब, सगळ्यांसाठी जीसब.

२. शोधायचाय तो साधा मजकूर की रेजेक्स, म्हणजे खास चिन्हांनी लिहिलेला शोधाचा नमुना? जावात इथेच जास्त फसगत होते. रिप्लेस आणि रिप्लेसऑल दोन्ही सगळीकडे बदल करतात. फरक एवढाच की दुसरं रेजेक्स घेतं. नावं ठेवणाऱ्याने घोळच करून ठेवलाय. "३.१४" मधल्या टिंबाचा स्वल्पविराम करायला रिप्लेसऑल वापरलं तर हाती येतं ",,,,", कारण रेजेक्समध्ये टिंब म्हणजे कुठलंही अक्षर. शिवाय नव्या मजकुरातल्या $ आणि बॅकस्लॅशलाही रिप्लेसऑल खास अर्थ लावतं. तो मजकूर आधी कोटरिप्लेसमेंट या फंक्शनमधून काढा, म्हणजे ती चिन्हं साधी धरली जातात. जावास्क्रिप्टमध्ये तर साधी स्ट्रिंग शोधतानाही नव्या मजकुरातलं $& जसंच्या तसं उतरत नाही. त्याऐवजी मजकूर परत करणारं फंक्शन द्या.

३. निकाल व्हेरिएबलमध्ये धरा. या भाषांपैकी रुबी सोडली तर बाकी चारही भाषांत मूळ स्ट्रिंग बदलतच नाही, नवी मिळते. नुसतं रिप्लेस लिहून पुढे गेलात तर एररही येत नाही आणि बदलही होत नाही.

४. एकाहून जास्त बदल असतील तर ते एकाच फेरीत करा. "मांजर पुढे, कुत्रा मागे" यात अदलाबदल हवी आहे. आधी मांजरचा कुत्रा केला, मग कुत्र्याचं मांजर केलं, तर उरतं "मांजर पुढे, मांजर मागे". पीएचपीत जोड्यांची यादी घेणारं एसटीआरटीआर हे बरोबर करतं. पायथनमध्ये री मॉड्यूलच्या सबला दोन्हीपैकी कुठलाही शब्द शोधणारा रेजेक्स द्या आणि बदली शब्द डिक्शनरीतून (जोड्यांच्या यादीतून) काढणारं फंक्शन द्या.

५. देवनागरीत शब्दाच्या सीमा स्वतः बांधा. "मन"चं "चित्त" करायला गेलात तर "मनोहर"चं "चित्तोहर" होतं. रेजेक्समधलं शब्दसीमेचं \b चिन्हही कामाला येत नाही: पायथनचं री मॉड्यूल मात्रेला शब्दाचा भाग मानत नाही, त्यामुळे "न" आणि ओकार यांच्यामध्येच त्याला सीमा दिसते. मागेपुढे देवनागरी विभागातलं अक्षर किंवा मात्रा नसावी, अशी अट लुकबिहाइंड आणि लुकअहेडने (रेजेक्समधल्या मागचं आणि पुढचं अक्षर नुसतं तपासणाऱ्या अटींनी) घाला.

६. मजकुरात मूल्यं भरायची असतील तर रिप्लेस नकोच. पायथनमध्ये (३.६ पासून) एफ-स्ट्रिंग आणि जावास्क्रिप्टमध्ये बॅकटिकमधलं टेम्पलेट सोपं पडतं. डेटाबेसला पाठवायच्या एसक्यूएल क्वेरीत मात्र यातलं काहीच वापरू नका. वापरकर्त्याने टाकलेलं एक अवतरणचिन्ह क्वेरी फोडू शकतं. तिथे मूल्य डेटाबेस ड्रायव्हरच्या पॅरामीटरमधूनच पाठवा.