बडोद्याहून सुरत: एक दिवस, रिकाम्या पोटी

बडोद्यातल्या मराठी घरांत सुरतेचं नाव दोन कारणांनी निघतं. एक शिवाजी महाराजांची स्वारी आणि दुसरं लग्नाचा बस्ता. आमच्या घरात तिसरं कारण मी, कारण नोकरीची बहुतेक वर्षं मी दांडिया बाजारातून सुरतेला अप-डाउन केलं. पुण्याचे पाहुणे आले, सुनेच्या माहेरचं कुणी आलं, की त्यांना माझ्याकडे धाडतात: "काकांना विचारा, सुरतेत काय बघायचं ते." काकांचं उत्तर ठरलेलं आहे. काय बघायचं ते मागाहून, आधी काय खायचं आणि किती वाजता खायचं ते ठरवा. मधल्या वेळात वाटेत जे येईल ते बघा.

"सुरतनुं जमण ने काशीनुं मरण", म्हणजे जेवावं सुरतेत आणि मरावं काशीत, ही म्हण गुजरातेत शेंबड्या पोरालाही पाठ असते, पण वेळ कुठली ते ती सांगत नाही. वाफवलेल्या चणाडाळीचा लोचो सकाळचा, पोंक म्हणजे तिकडचा हुरडा ऊन कलल्यावरचा, नारळाच्या दुधातल्या शेवयांचा खावसा दिवेलागणीनंतरचा, कोल्ड कोको रात्रीचा. दुपारी बाराला लोचो मागितलात तर मिळेलही, पण त्यावर सुरतेची परीक्षा करू नका.

जायचं ते थंडीत. डिसेंबर अर्धा सरला की फेब्रुवारीच्या सुरुवातीपर्यंत पोंक, सुरती पापडी, जांभळा कंद, ओला लसूण सगळं एकदम बाजारात असतं. उन्हाळ्यात बडोद्याचं ऊन कोरडं भाजतं, सुरतेत खाडीकडची दमट हवा असते. सदरा अंगाला चिकटतो तो रात्रीपर्यंत सुटत नाही. १४ जानेवारीचा उत्तरायणाचा दिवस मात्र टाळा. सगळं शहर गच्चीवर असतं आणि उंधियूच्या दुकानांपुढे डबे घेतलेली माणसं सकाळपासून उभी असतात. सोमवारी किल्ला बंद, रविवारी लोचोची रांग रस्त्यावर. मी शनिवार सुचवतो.

गाडीनेच जा, म्हणजे रेल्वेने. सव्वाशे-दीडशे किलोमीटरसाठी मोटार काढणारे लोक हायवेवर कामरेजला अडकतात आणि मग शहरात पार्किंग शोधत फिरतात. कामरेजचं नाव निघालंच आहे म्हणून सांगतो, हे कामरेज, पलसाणा, तिकडे व्यारा, सोनगढ हा सगळा गायकवाडी मुलूख, बडोदा संस्थानाचा नवसारी प्रांत. मधे सुरत शहर तेवढं इंग्रजांचं. गायकवाडांची पहिली गादीसुद्धा सोनगढची, बडोदा नंतर. आमच्या पिढीपर्यंत घरात हे माहीत असायचं.

सकाळच्या गाडीत भरूचच्या आधी खारी शिंग विकणारा येतो. घ्या, पण मूठभरच, पोट राखायचंय. पुढे नर्मदा. शेजारी १८८१ सालचा लोखंडी गोल्डन ब्रिज दिसतो आणि डब्यातली निम्मी माणसं हात जोडतात. नाणं टाकायची सवय असेल तर खिडकीच्या गजात अडकणार नाही इतपत बेतानं टाका.

स्टेशनावर उतरल्यावर चहा नको. थेट लोचो. दुकानाचं नाव मी सांगत नाही, कारण प्रत्येक सुरतीचं दुकान वेगळं आणि त्यावरून भांडणं होतात. खूण सांगतो: वाफेचं भांडं रस्त्याच्या तोंडाशी असावं आणि उलथणं थांबता कामा नये. भिजवलेली चणाडाळ वाटून, आंबवून, खमणापेक्षा पातळ ठेवलेलं पीठ ताटलीत वाफवतात. ते घट्ट बसत नाही, वड्या पडत नाहीत. माणूस उलथण्यानं ताटलीच्या कडेपासून खरवडतो, कागदाच्या डिशमध्ये ढीग टाकतो, वर कच्चं तेल, तिखट-मिऱ्याचा मसाला, बारीक कांदा, शेव, आणि बाजूला हिरवी चटणी. हे सगळं होईपर्यंत वाफ निघत असते. ती निघतेय तोवरच खायचं, दोन मिनिटं फोटो काढत बसलात तर हातात नुसतं ओलं बेसन उरेल. हल्ली बटरचा, चीजचा, शेजवानसुद्धा मिळतो. पहिला तरी तेलाचा घ्या. दोघांत एक घ्या, पुढे बरंच आहे.

रांगेत शेजारचे दोन मित्र एकमेकांना कचकचीत शिव्या देत असतील. भांडण नाही, प्रेम आहे. बडोद्याच्या "संस्कारनगरी"तून आलेल्या आपल्या लोकांचे कान लाल होतात, पण सुरतेत ही बोलायची रीत आहे. बायकामंडळी बरोबर असतील तर त्या आपण ऐकलंच नाही असं दाखवतात, आणि ऐकून घेतात.

आता फिरायला. आधी रिक्षा करून कतारगाम दरवाजाकडच्या इंग्रज आणि डच दफनभूमी बघा, ऊन चढायच्या आत. स्मशान काय बघायचं, असं माझ्या मेहुणीनंही विचारलं होतं. पण थडगी नव्हेतच ती, दोन मजली घुमटाच्या इमारती आहेत, मुसलमानी मकबऱ्यांच्या धाटणीच्या. व्यापारी कंपन्यांचे नोकर मेल्यावर नवाबासारखे झोपले आहेत. मराठी माणसानं इंग्रजांकडचा ऑक्झेंडेन बंधूंचा घुमट चुकवू नये. १६६४ च्या जानेवारीत महाराज सुरतेवर आले तेव्हा मोगलांचा सुभेदार इनायतखान किल्ल्यात जाऊन बसला, शहर वाऱ्यावर, आणि इंग्रजांची वखार ज्यानं लढवून राखली तो हा जॉर्ज ऑक्झेंडेन. १६६९ साली तो सुरतेतच वारला. पुढच्याच वर्षी ऑक्टोबरात महाराज पुन्हा आले. डचांकडे व्हान रीडचा मोठा घुमट आहे, १६९१ सालचा. मलबारातल्या झाडापाल्यावर बारा खंडांचा ग्रंथ करवून घेणारा हा माणूस.

तिथून राजमार्गानं भागळ आणि पुढे चौक. मेट्रोच्या कामामुळे रस्ते वळवलेले असतात, म्हणून रिक्षावाल्याशी पैसे आधी ठरवा. रिक्षावाला मराठी निघण्याची शक्यता चांगली आहे. उधना, लिंबायत भागात खानदेशी लोक भरपूर, ताप्ती लाइनवरून नंदुरबार-जळगावहून आलेले. त्यांच्याशी मराठीत बोला. ते अहिराणीत उत्तर देतील, आपल्याला निम्मं कळेल, भाडं मात्र थोडं उतरेल.

चौकातला किल्ला रायगड-प्रतापगड पाहिलेल्या माणसाला वाड्याएवढा वाटतो. तरी जा. पोर्तुगीजांच्या त्रासापायी १५४० च्या दशकात खुदावंदखानानं बांधला, आता नीट डागडुजी करून आत संग्रहालय केलंय. तासभर पुरे. बुरुजावरून तापी दिसते, समुद्र दिसत नाही, आणि सुरतेची गोम तिथेच आहे. हे बंदर समुद्रावरचं नव्हेच, नदीच्या आतलं. तापीच्या मुखाशी वाळूचे बांध, मोठी गलबतं आत येत नसत. ती मुखाजवळच्या सुवाळी किनाऱ्याला नांगर टाकत आणि माल होड्यांनी वर येई. १६१२ साली इंग्रजांनी पोर्तुगीजांना हरवलं ते याच सुवाळीपुढे. नदी गाळानं भरत गेली, व्यापार मुंबईला गेला. हजला जाणारेही इथूनच जहाजावर चढत. त्यांच्यासाठी १६४४ च्या सुमारास बांधलेली मुघलसराय जवळच आहे, तिच्यात आता महानगरपालिकेची कचेरी भरते. दारातून बघा आणि पुढे चला. याच पालिकेनं १९९४ च्या प्लेगनंतर शहर असं घासलं की २०२३ च्या स्वच्छ सर्वेक्षणात सुरत इंदूरच्या बरोबरीनं पहिली आली. भागळच्या गल्ल्यांतून चालताना हे पटतं. आमच्या मांडवीतून चालताना हेवा वाटतो.

एव्हाना दुपार. जेवण हलकं. हंगामात उंधियू-पुरी घ्या, आणि सुरती उंधियू हिरवा असतो हे लक्षात ठेवा. पापडी, मेथीचे मुठिये, कंद, लहान वांगी, ओला लसूण, कोथिंबीर. लाल तिखटाचा तवंग दिसला तर उठा. बटाटापुरी मात्र राखून ठेवा, ती चारची. आलू-पुरी म्हणतात तिकडे: तळहातात मावतील एवढ्या पुऱ्या, वर बटाटा-वाटाण्याचा रगडा, कोकमाची आंबट लाल चटणी, कांदा, शेव. कोकणातल्या माणसाला ती चटणी लगेच ओळखीची वाटते.

बस्त्यासाठी जाणार असाल तर तो दिवस वेगळा ठेवा, खाणं आणि साड्या एका दिवसात बसत नाहीत. रिंग रोडची मार्केटं घाऊकची, एका साडीसाठी तिथे कुणी मान वर करत नाही. घरातल्या बायकांना एक गोष्ट मात्र दाखवा, साडीतली जर. येवल्या-पैठणच्या पैठणीत जी जर विणतात ती बहुतेक सुरतेचीच. जुन्या शहरातल्या फळियांत, म्हणजे आळ्यांत, अजून हे काम चालतं. रेशमी धाग्यावर चांदीची चपटी केलेली तार गुंडाळून वर सोन्याचा मुलामा, ही अस्सल. चांदीऐवजी तांबं असेल तर नकली. आणि तिसरी प्लास्टिकच्या पट्टीची, जी चमकते सगळ्यात जास्त. तिन्ही हातात घेऊन बघितल्या की पुढच्या लग्नात दुकानदार बायकोला फसवू शकत नाही. तेवढ्यासाठी अर्धा तास द्या.

चार-साडेचारला नदी ओलांडून अडाजणकडे, पोंकाच्या तंबूंत. दिवसाचा कळस हा. कोवळ्या ज्वारीची कणसं भट्टीच्या गरम राखेत भाजतात, बाहेर काढून कापडी पिशवीत भरतात आणि काठीनं झोडपतात. पिशवी उघडली की हिरवे, मऊ, कोमट दाणे, धुराचा जरासा वास. सोलापूरकडच्या पाहुण्यांना हुरडा नवा नाही, पण ते शेतात आगटीभोवती बसून तळहातावर चोळून खातात. सुरतेत तराजूवर तोलून मिळतो आणि सोबतीचा सरंजाम मोठा. लिंबू-मिऱ्याची शेव, तिखट शेव, गोड साकरिया दाणे, वर ताक. मूठभर दाणे, चिमूटभर शेव, एखादा गोड दाणा, असा घास करायचा. सगळं आधीच कालवून ठेवलं की शेव मऊ पडते. पोंकवडे गरम मिळाले तर दोन खा. घरी न्यायचा असेल तर त्याच रात्री संपवा. दुसऱ्या दिवशी दाणा चिवट होतो.

संध्याकाळी एकच निवड करा, रांदेर किंवा डुमस. दोन्ही करायला गेलात तर गाडी चुकेल. लहान मुलं असतील तर डुमस. शहरापासून वीसेक किलोमीटर, काळी वाळू, दर्या गणेशाचं देऊळ आणि टोमॅटोची भजी. टोमॅटोच्या चकतीवर लसणीची हिरवी चटणी थापून बेसनात तळतात. आतला टोमॅटो तोंड भाजतो, जपून. पाण्यात उतरू नका. खंभातच्या आखाताचं पाणी ओहोटीला कुठल्या कुठे जातं आणि मागे चिखल उरतो. निळा समुद्र बघायचा असेल तर सुरतेला येऊच नका. भुताच्या गोष्टी सांगतात त्या भजीवाल्यांच्या धंद्याला बऱ्या.

मला विचाराल तर रांदेर. तापीच्या पलीकडचं हे सुरतेपेक्षा जुनं बंदर. इथले व्यापारी रंगूनला जात. तिथे सुरती जामा मशीद अजून उभी आहे. त्या पैशातून बांधलेली घरं गल्ल्यांत दिसतात, कोरीव सागवान, रंगीत काचा, काही पडीक, काही झकपक रंगवलेली. आणि ब्रह्मदेशातून आलेला खावसा. शेवयांवर नारळाच्या दुधाची पातळ आमटी, वर तळलेला लसूण, कुरकुरीत शेवया, वेफर्सचा चुरा, लिंबू. शाकाहारी हवा असेल तर आधी विचारा, आणि मांसाहाराला वापरलेली चमचा-वाटी चालणार नसेल असं कुणी बरोबर असेल तर त्यांना डुमसला पाठवा. रमजानमध्ये इथली रात्र पहाटेपर्यंत जागी असते, पण तेव्हा एका दिवसात परतायचा हट्ट सोडावा लागतो.

परतताना स्टेशनच्या वाटेवर नानपुऱ्यात मक्काई पुलापाशी दोटीवाला. १८६१ पासूनची पारशी बेकरी, मूळ भट्टी डचांची. नानखटाई आणि चहात बुडवायची खारी बतासा बिस्किटं घ्या. मग घारी. ही खरी चंदनी पडव्याची, म्हणजे आपल्या कोजागरीच्या दुसऱ्या दिवसाची, पण दुकानांत बारा महिने मिळते. मावा, पिस्ता, बदाम आत, वर पुरीचं आवरण, आणि त्यावर थिजलेल्या तुपाचा जाड थर. एक घारी चौघांत पुरते. सोबत भुसू, म्हणजे तिखट फरसाण, घेतल्याशिवाय खाऊ नका, गोडानं जीभ बसते. जागा उरली असेल तर थंडगार, दाट कोल्ड कोको, उभ्या उभ्या.

रात्रीच्या गाडीचं आरक्षण सकाळीच करून ठेवा. जनरलमध्ये बसायची वेळ आली तर पासवाल्यांच्या रमीच्या कोपऱ्यात जाऊ नका, त्या जागा वर्षानुवर्षं ठरलेल्या असतात. आणि घारीचा डबा वरच्या फळीवर ठेवू नका. भरूच येईपर्यंत तूप सुटतं आणि खाली बसलेल्याचा सदरा जातो.