जुन्या गाडीसाठी पॉवर स्टिअरिंगचा पाइप कसा निवडावा

आमची क्वालिस 2003 ची. टोयोटाने हे मॉडेल 2005 मध्ये बंद केलं. आता पाइप मागायला गेलं की दुकानदार तीन-चार पाइप काउंटरवर ठेवतो आणि म्हणतो, "यातला कुठलाही बसेल बघा." त्यातलाच एक मी बसवून घेतला होता. दोन्ही टोकं बसली, पण पाइप चार बोटं लांब होता. त्याचा बाक एक्झॉस्टला टेकला. महिन्याभरात आंबेनळी घाट उतरताना बॉनेटमधून धूर आला आणि ऐन वळणावर स्टिअरिंग दगडासारखं जड झालं. मागच्या सीटवर आई आणि मुलं होती. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे.

आधी कुठला पाइप गळतोय ते पाहा

पंपातून दाबाखालचं ऑइल स्टिअरिंगच्या गिअरबॉक्सकडे किंवा रॅककडे नेणारा तो प्रेशर पाइप. तेच ऑइल पॉवर स्टिअरिंगच्या ऑइलच्या टाकीत परत आणणारा तो रिटर्न पाइप. सगळी जागा धुऊन कोरडी करा, इंजिन चालू करून कुणाला तरी स्टिअरिंग दोन्हीकडे फिरवायला सांगा आणि टॉर्च मारा. ऑइल खाली ओघळतं, म्हणून ओल सर्वांत वर कुठे दिसते ते शोधा. मात्र चालू इंजिनवर पाइप बोटाने चाचपू नका. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर प्रेशर पाइपमध्ये साधारण 70 ते 100 बार दाब असतो, म्हणजे टायरमधल्या हवेच्या तीस-चाळीस पट. बारीक छिद्रातून येणारी धार कातडीत घुसते. पुठ्ठ्याचा तुकडा पुढे धरा, धार असेल तर त्यावर उमटेल.

रिटर्न पाइप

याला दाब कमी असतो, त्यामुळे मापाचा होज कापून क्लिप लावली तरी चालतं. पण होज ऑइलचाच हवा. रेडिएटरचा उरलेला तुकडा लावू नका, त्याचं रबर ऑइलमध्ये फुगून मऊ पडतं. होजवर 'एसएई जे189' (SAE J189, गाड्यांच्या भागांसाठीचं मानक) छापलेलं असेल तर तो याच कामाचा.

प्रेशर पाइप

इथे घाई नको. जुना पाइप काढून सोबत न्या. फोटोवर भागत नाही. नुसतं "क्वालिस डिझेल" किंवा "जुनी स्कॉर्पिओ" सांगूनही भागत नाही, कारण एकाच मॉडेलमध्ये मधल्या काळात पंप किंवा टोकं बदललेली असू शकतात. आरसीवरचा चेसिस नंबर जवळ ठेवा, त्यावरून पार्ट नंबर काढता येतो.

पुण्यात नाना पेठेत मी दुसऱ्यांदा गेलो तेव्हा जुना आणि नवा पाइप जमिनीवर शेजारी-शेजारी ठेवले. लोखंडी नळीचे बाक जुळतात का, रबराची लांबी तेवढीच आहे का, बॉडीला अडकवायची पट्टी त्याच जागी आहे का, एवढं पाहिलं. मग टोकं. बँजो बोल्ट (कडीतून जाणारा पोकळ बोल्ट) आहे, फ्लेअर नट (नळीच्या पसरट टोकामागचा नट) आहे की ओ-रिंगचं (रबरी कडीचं) टोक, हे नजरेला कळतं. आटे मात्र फसवतात. नव्या पाइपचा नट गाडीतल्या पंपावर हाताने फिरवून बघा, तीन-चार फेरे अलगद गेले पाहिजेत. पाना लावून बसवावं लागलं तर तो पाइप आपला नाही.

रबरावर 'एसएई जे188' किंवा जास्त उष्णता सोसणारा 'जे2050' छापलेलं शोधा. होज जरा वाकवा. वर्षानुवर्षं दुकानात पडून राहिलेल्या रबराला बारीक भेगा दिसतात. रबराच्या टोकावर क्रिम्प केलेली, म्हणजे मशीनने दाबून बसवलेली धातूची टोपी सगळीकडून सारखी दाबलेली हवी.

पाइप मिळालाच नाही तर बरेच जण ट्रॅक्टर-जेसीबीचे होज बनवणाऱ्याकडे जातात. तो होज दाब आरामात सोसतो, पण ताठ असतो. स्टिअरिंगचा होज किंचित फुगून पंपाचे धक्के पोटात घेतो. ताठ होजने वळताना घुरघुर ऐकू येते आणि पाइप वळवायला जागाही जास्त लागते. त्यापेक्षा आपल्याच पाइपची लोखंडी टोकं ठेवून मधलं रबर जे188 चं क्रिम्प करून घ्या. मात्र नळी गंजलेली नको. कोकणातली गाडी असेल तर पट्टीखालचा भाग खरवडून पाहा, खारी हवा तिथे नळी बाहेरून खाते. भंगारातला पाइप घेऊ नका, त्याचं रबरही तितकंच म्हातारं. आणि प्रेशर पाइप मध्ये कापून क्लिपने जोडून देतो म्हणणाऱ्या गॅरेजमधून गाडी तशीच बाहेर काढा.

बसवताना

तांब्याचे वॉशर आणि ओ-रिंग नवीनच टाका, दहा-वीस रुपयांसाठी जुने वापरू नका. नट आधी हाताने लावा, पाना नंतर. पाइप एक्झॉस्ट, पट्टा किंवा चाकाच्या वाटेत येत नाही ना, हे चाक दोन्हीकडे पूर्ण वळवून बघा. ऑइल कुठलं, ते टाकीच्या झाकणावर किंवा गाडीच्या पुस्तकात लिहिलेलं असतं, तेच भरा.

पुढची चाकं उचलून, इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग इकडून तिकडे पंधरा-वीस वेळा सावकाश फिरवा. ऑइल कमी होईल तसं भरत राहा, मगच इंजिन चालू करा. टाकीत फेस दिसला तर हवा अजून आत आहे. पूर्ण वळवून पाच सेकंदांहून जास्त धरून ठेवू नका, पंप तापतो. रात्री गाडीखाली पांढरा पुठ्ठा सरकवून ठेवा आणि सकाळी त्यावर थेंब आहेत का बघा.