ऊसतोड मजुरांचे पोर्ट्रेट काढायला जाताय?

तर सगळ्यात आधी, फडात तोड चालू असताना कॅमेरा बॅगेतच ठेवा. मजुरी टनावर असते, नवराबायकोची जोडी मिळून एक 'कोयता' धरतात, आणि तुम्ही "ताई जरा इकडं बघा" म्हणलात की त्यांच्या मोळ्या कमी पडतात. त्यापेक्षा कारखान्याच्या गाडीतळावर जा, तिथं नंबर लागेपर्यंत बैलगाडीवाले तासन् तास बसून असतात, गप्पा मारायला वेळ असतो. बायकांना भेटायचं तर कोप्यांवर, म्हणजे त्यांच्या झोपड्यांवर, पण चूल पेटायच्या आत.

परवानगी मुकादमाकडून, म्हणजे मजुरांची टोळी आणणाऱ्या ठेकेदाराकडून, घेऊ नका. तो "काढा की, काढा" म्हणेल, पण त्याच्याकडून उचल (आगाऊ पैसे) घेतलेला माणूस त्याच्यासमोर नाही कसं म्हणणार? तो बाजूला गेल्यावर ज्याचा फोटो त्यालाच विचारा, आणि फोटो कुठं लावणार तेही सांगा.

आता उजेडाचं. कोपीत अंधार असतो आणि वर निळी ताडपत्री असली की चेहरा पण निळसर येतो, एडिटिंगमध्ये नीट करता करता वैताग येतो. माणसाला दाराच्या आत हातभर बसवा, तोंड बाहेरच्या बाजूला, म्हणजे दाराचा उजेड थेट चेहऱ्यावर. ५० एमएम लेन्स, एफ २.८, शटर १/१२५ च्या खाली नको, आयएसओ १६०० झाला तरी चालतोय. बाहेर मागं आभाळ असेल तर कॅमेरा फसतो, चेहरा काळा येतो, एक्स्पोजर एक स्टॉप वाढवा. आणि खाली बसून काढा, उभ्यानं वरून काढलेला माणूस बिचाराच दिसतो.

मी एकदा एका मावशींना पाचटाने (उसाच्या वाळक्या पानांनी) चिरलेल्या हातांसकट, आहे त्या कपड्यात काढायचं मनात धरून गेलो. त्या म्हणल्या, "थांब बाबा, तोंड धुऊन येते." आल्या त्या पत्र्याच्या पेटीतली घडीची साडी नेसून, केसांना तेल लावून. खरं सांगायचं तर मी हिरमुसलो, पण त्या सेटमधला धड फोटो तोच निघाला.

मुलांचे चेहरे दया मिळवायला वापरू नका, गाव आणि उचलीचा आकडा कॅप्शनमध्ये नको, फोनचं लोकेशन बंद. प्रिंट मात्र लवकर द्या, मार्च-एप्रिलात पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, की सगळे आपापल्या गावी जातात, मग कुठं शोधणार. पाच बाय सातची, लॅमिनेट केलेली, आणि दोन कॉपी, एक गावाकडं सासूला पाठवायला मागतातच.